गिओनच्या देवतेचे नाव : यासाका देवस्थानाच्या परंपरेची एक चिकित्सा

१

क्योतो नगरातील शिजो हा हमरस्ता पूर्वेस जेथे संपतो, तेथे हिगाशियामाच्या टेकड्यांच्या पायथ्याशी यासाका हे शिंतो देवस्थान वसलेले आहे. तेथे आज तीन आसनांवर देवतांची पूजा होते. मधल्या आसनावर सुसानोओ, पूर्वेच्या आसनावर त्याची पत्नी कुशिइनादाहिमे आणि पश्चिमेच्या आसनावर त्याची आठ अपत्ये, अशी ही मांडणी आहे. ही नावे इ. स. ७१२ मधील ‘कोजिकी’ आणि इ. स. ७२० मधील ‘निहोन शोकी’ या जपानच्या प्राचीनतम ग्रंथांतून आलेली आहेत. त्यामुळे हे देवस्थान त्या ग्रंथांतील दैवतकथांचेच एक स्थानिक पीठ असावे, असा अभ्यासकाचा सहज समज होतो.

परंतु १८६८ पूर्वी या तीन आसनांवरील देवतांची नावे वेगळी होती. मधल्या आसनावर गोझु तेन्नो, म्हणजे ‘वृषशीर्ष देवराज’, होता. त्याची पत्नी हारिसाइ ही सागर नावाच्या नागराजाची कन्या मानली जात असे. आणि त्यांची अपत्ये ‘आठ राजपुत्र’ म्हणून ओळखली जात. देवस्थानाचे नावही यासाका नव्हते. ते गिओन-शा किंवा कान्शिन-इन या नावाने प्रसिद्ध होते, आणि त्यातील पूजाअर्चा बौद्ध भिक्षूंच्या हाती होती. १८६८ च्या वसंतात नव्या मेइजी शासनाने एक आज्ञापत्र काढले आणि देवता, देवस्थान व पूजक या तिहींची ओळख एकाच वर्षात पालटली.

या घटनेकडे पाहण्याच्या दोन दृष्टी रूढ आहेत. पहिलीनुसार १८६८ मध्ये मूळ देवतेवर चढलेली परकीय पुटे दूर झाली आणि सुसानोओ आपल्या खऱ्या रूपात प्रकटला. दुसरीनुसार त्या वर्षी खऱ्या देवतेला पदच्युत करून तिच्या जागी एक सरकारमान्य देवता बसविली गेली. दोन्ही दृष्टी परस्परविरोधी दिसतात; तथापि त्यांचे गृहीतकृत्य एकच आहे. देवतेचे एक मूळ नाव असते आणि ते सापडले की देवतेचा उलगडा झाला, हेच ते गृहीतकृत्य होय. गिओनच्या परंपरेतील मध्यवर्ती कथा मात्र या गृहीतकृत्याला आधार देत नाही. किंबहुना, नावाचा प्रश्न कोठे ठेवावा याचे उत्तर त्या कथेनेच देऊन ठेवले आहे. ते उत्तर कोणते, हे पाहण्यापूर्वी देवस्थानाच्या उत्पत्तीच्या कथा तपासणे आवश्यक आहे.

२

देवस्थानाच्या स्थापनेविषयी दोन परंपरा आहेत. पहिली परंपरा स्थापनेचा काळ इ. स. ६५६ हा देते. त्या वर्षी कोरियातील कोगुर्यो राज्याचा इरिशी नावाचा दूत जपानमध्ये आला आणि त्याने सिल्ला राज्यातील ‘वृषशीर्ष’ पर्वतावरील सुसानोओचे दैवत यासाका या गावी आणून प्रतिष्ठापिले, असे ती सांगते. दुसरी परंपरा इ. स. ८७६ हे वर्ष देते. तिच्यानुसार नारा येथील एन्न्यो नावाच्या भिक्षूने येथे देवालय उभारले, आणि फुजिवारा मोतोत्सुने या बलाढ्य राजपुरुषाने त्यासाठी आपल्या वाड्याची वास्तू अर्पण केली. श्रावस्तीच्या सुदत्त श्रेष्ठीने, म्हणजे अनाथपिंडिकाने, जेत राजपुत्राचे उद्यान भूमीवर सुवर्णनाणी अंथरून विकत घेतले आणि बुद्धाला अर्पिले, त्या दानाची आठवण होऊन या स्थानाला जेताचे उद्यान, म्हणजेच ‘गिओन’, हे नाव मिळाले. ‘गि’ हे जेत या नावाचे चिनी लिप्यंतरातून आलेले आद्याक्षर असून ‘ओन’ म्हणजे उद्यान. भारहूतच्या शिल्पात जे दान कोरलेले आहे, त्याचे नाव अशा रीतीने क्योतोतील एका वस्तीला मिळाले.

या दोन परंपरांपैकी पहिली देवस्थानाच्या आजच्या इतिहासकथनात अग्रभागी आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही कथा ज्या विस्तृत रूपात आज सांगितली जाते, ते रूप देवस्थानाच्या जुन्या नोंदींच्या मेइजी काळाच्या आरंभी झालेल्या संकलनात आढळते; म्हणजे नामांतर झाल्यानंतर ते प्रसिद्ध झाले. त्यात सुसानोओ हे नाव इ. स. ६५६ पर्यंत मागे नेलेले आहे. तथापि ही सर्वस्वी नवी रचना आहे, असेही म्हणता येत नाही. ‘निहोन शोकी’तील एका पाठभेदात स्वर्गातून हद्दपार झालेला सुसानोओ प्रथम सिल्ला देशात सोशिमोरी या स्थळी उतरतो आणि तेथून मातीच्या नावेने इझुमोला येतो. सोशिमोरी या शब्दाचा कोरियन भाषेतील अर्थ ‘बैलाचे डोके’ असा लावण्याची प्रथा जुनी आहे. ती व्युत्पत्ती बरोबर असो वा नसो, सुसानोओ, कोरिया आणि वृषशीर्ष यांची सांगड घालण्यास लागणारे साहित्य प्राचीन ग्रंथांत उपलब्ध होते. तेव्हा १८६८ चे शासन आणि त्याचे समर्थक यांनी हे नाव शून्यातून निर्माण केले नाही. अनेक नावांच्या जुन्या संवादातून त्यांनी एक नाव उचलले आणि उरलेल्यांना गप्प केले.

दुसऱ्या परंपरेचे सामर्थ्य निराळ्या बाजूने दिसते. नवव्या शतकातील क्योतो हे दाट वस्तीचे, पूरप्रवण आणि साथीच्या रोगांनी वारंवार ग्रासलेले नगर होते. इ. स. ८६३ मध्ये दरबाराने शिन्सेन-एन या राजोद्यानात ‘गोर्यो-ए’ नावाचा शांतिविधी केला. युवराज सावारा, ताचिबाना हायानारी इत्यादी, राजकीय कारस्थानांत बळी पडलेल्या सहा व्यक्तींचे रुष्ट आत्मे साथ पसरवितात, अशी समजूत होती. त्यांच्या शांतीसाठी ‘सुवर्णप्रभाससूत्र’ आणि ‘प्रज्ञापारमिताहृदय’ यांचे पठण झाले, आणि उद्यानाची द्वारे सामान्य जनांसाठी उघडण्यात आली, असे राजवृत्तांतात नोंदलेले आहे. देवस्थानाची परंपरा सांगते की, इ. स. ८६९ मध्ये त्या काळच्या प्रांतांच्या संख्येइतके ६६ भाले उभारून गिओनच्या देवतेची पालखी याच उद्यानात नेण्यात आली. ही दुसरी नोंद समकालीन राजवृत्तांतात नाही, ती उत्तरकालीन आहे. परंतु साथ, रुष्ट शक्ती आणि तिचे नगरात येणे-जाणे या कल्पनांच्या कक्षेतच गिओनची उपासना वाढली, याविषयी संशय राहत नाही. नील मॅकमलिन यांनी १९८८ मधील आपल्या निबंधात या उपासनेच्या राजकीय बाजूवर भर दिला. सत्ताधाऱ्यांच्या हातून मेलेल्यांचे भय आणि त्या भयाचे शमन, असा तिचा एक अर्थ निश्चित आहे. तथापि सहा रुष्ट आत्मे नामांकित होते, तर गिओनच्या देवतेची गोष्ट अनामिकतेपासून सुरू होते.

३

ती गोष्ट ‘बिंगो प्रांताच्या वृत्तांता’तील एका खंडात आहे. प्रांतवृत्तांत लिहिण्याची राजाज्ञा इ. स. ७१३ ची, बिंगोचा वृत्तांत मात्र लुप्त झाला असून त्यातील हा खंड तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात उराबे कानेकाता याने रचलेल्या ‘शाकु निहोंगी’ या भाष्यग्रंथात उद्धृत झाल्यामुळे वाचला. कथा अशी : उत्तर समुद्रातील मुतो नावाचा देव दक्षिण समुद्राच्या देवाच्या कन्येला मागणी घालण्यास निघाला असता वाटेत रात्र पडली. तेथे दोन भाऊ राहत होते. धाकटा धनवान होता, त्याने आश्रय नाकारला. थोरला सोमिन शोराइ अतिशय दरिद्री होता. त्याने बाजरीसारख्या भरड धान्याच्या काडांचे आसन मांडले आणि त्याच धान्याचे अन्न वाढले. काही वर्षांनी तो देव आपल्या आठ पुत्रांसह परतला. सोमिनच्या मुलीने कमरेला गवताचे कडे बांधावे, असे त्याने सांगितले. त्याच रात्री तिला एकटीला सोडून बाकी साऱ्यांचा त्याने संहार केला. त्यानंतर तो म्हणाला की आपण सुसानोओ आहोत. पुढे साथ आली तर ‘आम्ही सोमिन शोराइचे वंशज’ असे म्हणून कमरेला गवताचे कडे बांधणारे वाचतील.

या खंडाची पाठचिकित्सा अनेकांनी केली आहे. सुसानोओचे नाव मूळ कथेत होते की नंतर घातले गेले, हा त्यातील मुख्य वाद. मुतो हे नाव जपानी दैवतकथांत अन्यत्र परके वाटते. कथेच्या शेवटी अकस्मात येणारे सुसानोओचे नाव हे जोडलेले शेपूट असावे, असा संशय घेण्यास जागा आहे. उलट, जो खंड केवळ एका उद्धरणातून हाती आला, त्यातील सोयीचे ते मूळ आणि गैरसोयीचे ते प्रक्षिप्त, असे ठरविणे ही पद्धत धोक्याची आहे. हा वाद केवळ पाठाच्या आधारे निकालात निघण्यासारखा नाही.

परंतु या वादात एक गोष्ट झाकली जाते. नाव मूळचे असो वा जोडलेले, ते कथेत येते शेवटी. सोमिनने पाहुण्याला नाव विचारून आश्रय दिलेला नाही. तो देव आहे हेही त्याला ठाऊक नव्हते. आदरातिथ्य प्रथम, संहार त्यानंतर, आणि नाव सर्वांत शेवटी, असा कथेचा क्रम आहे. ज्याला नाव कळण्यापूर्वी दार उघडता आले तोच वाचला, हे या कथेचे मर्म होय. संरक्षणाचे जे सूत्र देव सांगतो, त्यातही त्याचे स्वतःचे नाव नाही. ‘मी सुसानोओचा भक्त’ असे म्हणावयाचे नाही. ‘मी सोमिनचा वंशज’ असे म्हणावयाचे आहे. साथीपासून वाचविणारे नाव देवाचे नव्हे, यजमानाचे आहे.

कथेतील क्रौर्यही सौम्य करून वाचू नये. संहारातून एकटी मुलगी वाचली, असे मूळ वाक्य आहे. इतरांचे काय झाले, याविषयी टीकाकारांनी निरनिराळ्या अटकळी बांधल्या आहेत. येथे देव हा साथीवरील उपाय नाही. तोच साथ आहे. जी शक्ती मारते तिच्याशीच नाते जोडून वाचावयाचे, ही या उपासनेची बैठक आहे. धन, कुल आणि भक्ती यांपैकी काहीही त्या नात्याला पुरेसे नाही. दरिद्री माणसाने अनोळखी पाहुण्यासाठी केलेली एका रात्रीची सोय, एवढेच त्याचे भांडवल.

हे यजमानाचे नाव गिओनहून जुने आहे, याला पुराव्याचा आधार मिळाला आहे. इ. स. ७८४ ते ७९४ या काळात राजधानी असलेल्या नागाओका-क्यो येथील उत्खननात ‘सोमिन शोराइचे वंशज’ अशा आशयाची अक्षरे असलेली लहानशी लाकडी पट्टी सापडली. एन्न्योच्या देवालयापूर्वी सुमारे ऐंशी-नव्वद वर्षे राजधानीतील कोणी तरी ही पट्टी बाळगीत होते. त्या वेळी तो माणूस देवाला कोणत्या नावाने ओळखत होता, हे त्या पट्टीवरून समजत नाही. तो स्वतःला काय म्हणवीत होता, हे मात्र समजते.

४

गोझु तेन्नो हे नाव या कथेला कोठून चिकटले? मध्ययुगीन ग्रंथांत तो भारतातील राजा झाला, जेतवन विहाराचा रक्षक देव झाला, पंचांगविद्येतील दिशादेवतांचा अधिपती झाला, आणि त्याचे मूळ बौद्ध स्वरूप म्हणजे भैषज्यगुरू बुद्ध असे मानले गेले. बिंगोच्या कथेतील मुतो देवाचा प्रवास आता गोझु तेन्नोचा प्रवास झाला. त्याची वधू हारिसाइ झाली.

भारतीय अभ्यासकाला येथे एक मोह होतो. जपानी दैवतसमूहात सरस्वती ‘बेन्झाइतेन’ म्हणून आणि महाकाल ‘दाइकोकुतेन’ म्हणून नांदत आहेत, हे सुप्रसिद्ध आहे. मग ज्याचा पत्ता जेतवन आहे आणि ज्याचे मस्तक वृषभाचे आहे, त्या देवातही नंदी, यम किंवा असाच कोणी आपला परिचित पाहण्याची इच्छा बळावते. परंतु जेतवनाचा रक्षक म्हणून वृषशीर्ष देवराजाचा उल्लेख भारतीय बौद्ध वाङ्मयात आढळत नाही. ‘गोशीर्ष’ हे मलय पर्वतावरील औषधी चंदनाचे नाव बौद्ध ग्रंथांत येते आणि त्याचे चिनी रूप ‘गोझु’ याच अक्षरांनी लिहिले जाते. रोगनाशक चंदन आणि रोगाधिपती देव यांचा संबंध या शब्दातून जुळला असावा, असा एक तर्क आहे. तो मान्य केला तरी भारतातून शब्द गेला एवढेच सिद्ध होते, देव गेला असे नव्हे. गोझु तेन्नोचा पत्ता भारतातील आहे. पण त्या पत्त्यावर त्या नावाचा कोणी राहत नव्हता.

तथापि या निष्कर्षाने जेतवनाचा उल्लेख निरर्थक ठरत नाही. ‘हेइके मोनोगातारी’ या वीरगाथेचा आरंभच जेतवनाच्या घंटेच्या उल्लेखाने होतो. मध्ययुगीन जपानी मनाला जेतवन ही भूगोलातील जागा नव्हती, अनित्यतेची आणि दानाची ती खूण होती. ज्या देवाच्या कथेत आश्रय देणे हेच सर्वस्व आहे, त्याला भिक्षुसंघाच्या सर्वांत प्रसिद्ध आश्रयस्थानाचा रक्षक करणे, यात कल्पनेची एक संगती आहे. चुकीचा पत्ताही कधी कधी पाहुण्याचा स्वभाव अचूक सांगतो.

५

१८६८ ची घटना समजून घेण्यापूर्वी तिची वैचारिक पूर्वतयारी पाहिली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिराता आत्सुताने या राष्ट्रविद्येच्या पंडिताने गोझु तेन्नोवर स्वतंत्र टीकाग्रंथ लिहिला, आणि हे दैवत आठव्या शतकातील किबी माकिबी या विद्वानाने रचलेली बनावट आहे, असे प्रतिपादन केले. शुद्ध जपानी देवता शोधण्याच्या या दृष्टीला मेइजी शासनात अधिकार मिळाला. १८६८ च्या तिसऱ्या चांद्र महिन्याच्या आज्ञापत्राने देवांना बौद्ध परिभाषेतील नावे देण्यास मनाई केली. त्यात उदाहरण म्हणून ‘गोंगेन’ या उपाधीबरोबर गोझु तेन्नोचे नाव स्पष्टपणे घेतलेले होते. देवस्थानांतील बौद्ध मूर्ती काढून टाकण्याचाही हुकूम होता. ‘देवराज’ या अर्थाचा तेन्नो आणि ‘सम्राट’ या अर्थाचा तेन्नो हे शब्द लिहिताना वेगळे असले, तरी उच्चारात एकच आहेत. नव्या सम्राटशाहीला हे साम्य अडचणीचे वाटले असावे, असा काहींचा तर्क आहे.

गिओन-शाचे यासाका जिंजा झाले. भिक्षूंचा अधिकार संपला. भैषज्यगुरू बुद्धाची मूर्ती देवस्थानाबाहेर गेली. ती क्योतोतील दाइरेन-जी या बौद्ध मंदिरात आहे. हारिसाइचे नाव पूजेतून गेले. आठ राजपुत्रांच्या जागी आलेल्या आठ अपत्यांची यादी विशेष उद्बोधक आहे : याशिमाजिनुमी, इताकेरु, ओयात्सुहिमे, त्सुमात्सुहिमे, ओतोशी, उकानोमितामा, ओयाबिको आणि सुसेरिबिमे. यांतील काही नावे ‘कोजिकी’तील, काही ‘निहोन शोकी’च्या पाठभेदांतील. याशिमाजिनुमी हा कुशिइनादाहिमेचा पुत्र. ओतोशी आणि उकानोमितामा यांची माता वेगळी. आठांपैकी निदान तीन स्त्रीदेवता आहेत, तेव्हा ‘राजपुत्र’ ही जुनी संज्ञा त्यांना लागू पडत नाही. शिवाय इताकेरु आणि ओयाबिको हे एकाच देवाचे दोन नामभेद आहेत, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. ते खरे असल्यास एक देव या यादीत दोनदा आला आहे. याचा अर्थ उघड आहे. आठ हा आकडा गिओनच्या जुन्या परंपरेचा होता, तो सोडता येत नव्हता. म्हणून प्राचीन ग्रंथांतून नावे गोळा करून तो भरून काढला गेला. शुद्धीकरणाने जी चौकट काढून टाकावयाची होती, तीच चौकट शुद्ध नावांना धारण करून उभी राहिली.

या निरीक्षणावरून नामांतर म्हणजे वरवरचा बदल, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. नाव बदलले आणि देव तोच राहिला, असे म्हणण्यात एक प्रकारची आत्मसंतुष्टता आहे. सुसानोओ या नावाबरोबर स्वर्गातील उत्पात, अष्टशीर्ष सर्पाचा वध आणि सम्राटवंशाच्या आद्यदेवतेशी असलेले भावाचे नाते हा सारा संदर्भ येतो; गोझु तेन्नो या नावाबरोबर नागकन्या, दिशादेवता आणि भैषज्यगुरू हा संदर्भ येत असे. दुसऱ्या संदर्भाचे जग, त्याचे मंत्र, त्याचे पूजक आणि त्याच्या प्रतिमा १८६८ नंतर या आवारातून नाहीशा झाल्या. कुरोदा तोशिओ यांनी दाखविल्याप्रमाणे, बौद्ध धर्मापासून स्वतंत्र आणि अनादि असा शिंतो धर्म ही कल्पना मुख्यतः अर्वाचीन काळात घडली. गिओनच्या आवारात ती कशी घडविली गेली, हे हात ठेवून दाखविता येते. ही हानी खरी आहे आणि तिची नोंद झालीच पाहिजे.

६

पण आज्ञापत्राच्या कक्षेत जे आले नाही, तेही तितक्याच काळजीने पाहिले पाहिजे. यासाकाच्या आवारात एकिजिंजा नावाचे एक लहान उपदेवालय आहे. तेथील देवता सोमिन शोराइ ही होय. जुलै महिनाभर चालणाऱ्या गिओन उत्सवाची समाप्ती ३१ जुलै रोजी याच छोट्या देवळापुढे होते; गवताचे मोठे कडे उभारलेले असते आणि लोक त्यातून पार होतात. उत्सवकाळात घराच्या दारावर टांगण्यासाठी जे ‘चिमाकी’ नावाचे गवताच्या पानांचे जुडगे घेतले जाते, त्यावर त्या घरातील माणसे सोमिन शोराइचे वंशज असल्याचे लिहिलेले असते. त्यावर गोझु तेन्नोचे नाव नाही, म्हणून आज्ञापत्राला त्यात काही खोडावयास सापडले नाही. आणि सुसानोओचेही नाव नाही, म्हणून नव्या व्यवस्थेला त्यात काही भरता आले नाही. नागाओका-क्योच्या लाकडी पट्टीपासून आजच्या दारावरच्या चिमाकीपर्यंत सुमारे बारा शतके जे वाक्य टिकले, ते यजमानाच्या कुळाचे वाक्य आहे.

उत्सवाचा इतिहासही हेच सांगतो. ओनिन युद्धामुळे १४६७ पासून खंडित झालेली रथांची मिरवणूक १५०० मध्ये पुन्हा सुरू झाली. १५३३ मध्ये एन्र्याकु-जी मठाच्या दडपणामुळे शोगुनशाहीने देवस्थानाचे विधी थांबविले, तेव्हा नगराच्या पेठांचे प्रतिनिधी देवस्थानाकडे गेले. देवविधी होणार नसतील तरी रथ फिरविण्याची मोकळीक असावी, असे त्यांचे मागणे होते. या प्रसंगात नगरवासीयांची अश्रद्धा पाहण्याचे कारण नाही. पाहुण्याचे स्वागत करणे हे आपले काम आहे, ते मठाच्या वा शासनाच्या परवानगीवर अवलंबून नाही, ही जाणीव त्यात आहे. नामांतरानंतर देवस्थानाचे अधिकृत नाव यासाका झाले, पण पेठांनी उत्सवाचे नाव गिओनच ठेवले आणि सभोवतालच्या वस्तीनेही ते सोडले नाही.

या रथांची सजावट पाहिली की आतिथ्याची ही वृत्ती वस्तुरूपात दिसते. कान्को-होको या रथाच्या पुढील पडद्यावर बायबलच्या ‘उत्पत्ती’ ग्रंथातील रिबेकेचा, विहिरीवर पाणी देण्याचा प्रसंग विणलेला आहे. कोइ-यामाच्या पडद्यावर ट्रॉयचा राजा प्रायम आहे. हे पट युरोपात विणले गेले. इतर रथांवर भारतीय गालिचे आहेत, आणि त्यांतील एक गट सतराव्या-अठराव्या शतकांत दख्खनमध्ये विणला गेला असावा, असे गालिच्यांच्या अभ्यासकांचे मत आहे. डच व्यापारी कंपनीच्या मार्गाने ते जपानला पोहोचले. जेतवनाचे नाव ग्रंथांतून गेले, दख्खनचे गालिचे गलबतांतून गेले. दोहोंना त्या देवतेच्या उत्सवात जागा मिळाली. शुद्धतेच्या आज्ञेने देवतांची नावे तपासली, रथांवरील पडदे तपासले नाहीत.

वास्तूच्या बाबतीतही तीच विसंगती आहे. आजचे मुख्य देवालय १६५४ मध्ये चौथा तोकुगावा शोगुन इएत्सुना याने बांधविले. देवाचे गर्भस्थान आणि उपासकांचे दालन एकाच विशाल छपराखाली आणणारी त्याची रचना ‘गिओन शैली’ म्हणून ओळखली जाते. सामान्य शिंतो देवालयापेक्षा बौद्ध मंदिराच्या मुख्य दालनाशी तिचे साम्य अधिक आहे. २०२० मध्ये जपानी शासनाने या वास्तूला ‘राष्ट्रीय ठेवा’ म्हणून घोषित केले. १८६८ च्या शासनाने ज्या मिश्र उपासनेची नावे पुसली, तिच्यासाठीच घडलेली वास्तू दीडशे वर्षांनंतरच्या शासनाने राष्ट्राचा वारसा म्हणून गौरविली. त्याच वर्षी कोविडच्या साथीमुळे रथांची मिरवणूक रद्द झाली, आणि २०२१ मध्येही ती निघाली नाही. साथीच्या शमनासाठी जन्मलेला उत्सव साथीमुळेच थांबला, ही घटना वरवर उपरोधाची वाटते. पण गिओनच्या कथेतील देव हा साथीहून निराळा नाही, हे ध्यानात घेतल्यास त्यात अनपेक्षित असे काही नाही. २०२२ मध्ये मिरवणूक पुन्हा निघाली. १८२६ नंतर बंद पडलेला ताका-यामा हा रथही तिच्यात १९६ वर्षांनी सामील झाला, आणि रथांची संख्या ३४ झाली.

७

या सर्व विवेचनावरून दैवतशास्त्राच्या अभ्यासकाला एक पद्धतिविषयक निष्कर्ष काढता येतो. मिश्र परंपरेतील देवता समोर आली की ‘मूळ देव कोणता’ हा प्रश्न आपण प्रथम विचारतो. या प्रश्नाचा उपयोग आहे. त्यामुळे थर वेगळे करता येतात, प्रक्षेप ओळखता येतात, आज्ञापत्राने घडविलेली परंपरा आणि लोकांनी चालविलेली परंपरा यांतील भेद दिसतो. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर हे देवतेचे अंतिम स्वरूप मानले की, अभ्यासक नकळत १८६८ च्या आज्ञापत्राचीच पद्धत स्वीकारतो. शुद्ध सुसानोओ शोधणारा पंडित आणि त्या देवात भारताचा हरवलेला देव शोधणारा पंडित यांच्यातील अंतर वाटते तितके मोठे नाही. दोघेही पाहुण्याला दारातच थांबवून नाव विचारतात.

गिओनच्या परंपरेत मुतो, गोझु तेन्नो आणि सुसानोओ ही नावे आली. त्यांपैकी प्रत्येकामागे एक विद्या, एक संस्था आणि एक सत्ता उभी होती, आणि प्रत्येकाचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिला गेला पाहिजे. परंतु या नावांच्या खाली जे नाते टिकून आहे, ते साथ आणि घर यांच्यामधील, मारणारा पाहुणा आणि दार उघडणारा दरिद्री यजमान यांच्यामधील नाते आहे. देवस्थानाच्या वारशाची समीक्षा करताना मध्यल्या आसनाकडे जितके लक्ष द्यावयाचे, तितकेच त्या लहानशा उपदेवालयाकडेही दिले पाहिजे. मध्यल्या आसनावर कोण बसला, हे दरबार, मठ आणि शासन यांनी वेळोवेळी ठरविले. उपदेवालयातील सोमिन शोराइला मात्र कोणी हलविले नाही.